पावती तिच्या नावाची



आपल्याकडे बहुतेक घरांत एक तार असते. सोप्यातल्या खिळ्याला अडकवलेली, खालचे टोक वाकवलेले. घरात आलेली प्रत्येक पावती तिच्यात खोचून ठेवायची, ही आपली जुनी रीत. आष्ट्यातल्या माझ्या घरीही अशी तार आहे. परवा ती खाली उतरवली आणि एकेक पावती चाळत बसले. चौंडेश्वरीच्या भावईची वर्गणी, गणेशोत्सवाची वर्गणी, देवळाच्या जीर्णोद्धाराची देणगी, शाळेच्या नव्या खोलीची देणगी, २०१९ च्या महापुरात घरे गेली त्यांच्यासाठी काढलेल्या निधीची पावती. मधूनमधून घरपट्टी आणि पाणीपट्टी. आणि या सगळ्यांत एक लहानशी पावती निघाली. शंभर रुपयांची, २०१७ सालची. तिच्यावर देवाचे नाव नव्हते, संस्थेचे नव्हते. एका बाईचे नाव होते. ती बाई सरपंचपदाला उभी राहिली होती आणि तिच्या निवडणुकीच्या खर्चासाठी मी ते शंभर रुपये दिले होते.

मी आयुष्यात पुष्कळ वर्गण्या दिल्या. पण उभ्या राहिलेल्या बाईला, तिच्याच हातात, तिच्याच नावाने दिलेली ही एकच. मी शाळेत नोकरीला होते तोवर नियमाने असे पैसे देता येत नव्हते, हे खरे. पण तुम्ही जे शेतकरी आहात, दुकानदार आहात, घर सांभाळणाऱ्या बायका आहात, तुम्ही आपापली तार एकदा उतरवून पाहा. अशी पावती किती घरांत निघेल? मला वाटते, हजारांत एखाद्या. आज मला या एका पावतीविषयीच तुमच्याशी बोलायचे आहे.

आधी थोडे जागांचे सांगते. १९९३ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि देशभर ग्रामपंचायतीपासून नगरपरिषदेपर्यंत किमान एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखल्या गेल्या. आपल्या राज्याने २०११ साली त्या निम्म्या केल्या. त्यामुळे गावची पंचायत असो, आष्ट्याची नगरपरिषद असो, नाहीतर सांगलीची जिल्हा परिषद असो, बाई सभागृहात बसलेली दिसते. त्यात आता कुणाला नवल वाटत नाही. परंतु जिथे जागा राखलेल्या नव्हत्या तिथे काय घडले? २०२४ साली महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार निवडून गेले. त्यांत बायका २१. त्याच साली लोकसभेच्या ५४३ जागांवर बायका आल्या ७४. विधानसभा-लोकसभेतही एक तृतीयांश जागा राखण्याची घटनादुरुस्ती, १०६ वी, २०२३ साली संमत झाली. पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांच्यानंतर, अशी अट तिच्यातच घातलेली होती.

म्हणजे दार कायद्याने उघडले तिथे बाई आत आली, आणि जिथे ते तिचे तिने ढकलायचे होते तिथे ती उंबऱ्यापाशीच राहिली. हे का व्हावे? आपल्या बायकांना धाडस नाही म्हणून? हा तर प्रतिसरकारचा मुलूख. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी त्या काळात जिवावरची कामे अंगावर घेतली. त्या मातीतल्या बाईला एखाद्या सभेत उभे राहून चार शब्द बोलण्याचे भय वाटेल, हे मला तरी पटत नाही. घोडे अडते ते निराळ्या ठिकाणी. उमेदवारीची बैठक बसते, नावे निघतात, कुणीतरी एका बाईचे नाव सुचवते, आणि लगेच कोपऱ्यातून प्रश्न येतो : "ते सगळं खरं, पण खर्चाचं काय?" या प्रश्नापाशी बाईचे नाव खाली पडते.

नाही म्हणायला आपल्या भागातून बायका वरपर्यंत गेल्या आहेत. इचलकरंजीतून निवेदिता माने १९९९ आणि २००४ साली लोकसभेवर निवडून आल्या. तासगाव-कवठेमहांकाळमधून सुमनताई पाटील २०१५ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा २०१९ साली विधानसभेवर गेल्या. त्यांच्या कर्तबगारीला मी उणे म्हणत नाही. पण घरातल्या माणसाने आधी उभे केलेले नाव आणि माणसांची फळी त्यांच्या पाठीशी होती. जिच्या मागे असे काही नाही, त्या शेतकऱ्याच्या, शिंप्याच्या, मजुराच्या घरातल्या बाईने काय करायचे? तिची गोष्ट आता सांगते.

आष्ट्यापासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावची ही हकिगत. गावाचे आणि बाईचे नाव सांगत नाही. तिला आपण वहिनी म्हणू. एके काळी ती माझ्या वर्गात होती. घरी दोन म्हशी, एक शिलाई मशीन, बचत गटाचे हिशेब तिच्याकडे. २०१७ साली आपल्या राज्यात सरपंच थेट लोकांमधून निवडायचे ठरले. त्यांच्या गावचे सरपंचपद बाईसाठी राखीव निघाले, आणि गटातल्या बायकांनी हिचे नाव पुढे केले.

संध्याकाळी घरी बैठक भरली. सोप्यात भावकीतले पंधरा-वीस बाप्ये, आणि वहिनी आत चुलीपुढे, चहाच्या आधणाजवळ. उमेदवार ती, पण बैठकीत जागा तिला नाही. गावातले एक पैसेवाले गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "खर्चाची काळजी करू नका. गाड्या माझ्या, जेवणं माझी, पत्रकं माझी. वहिनीनं फकस्त फारमावर सही करायची. फुडचं आमी बघतो." सगळ्यांना मोठे हायसे वाटले. आतून वहिनी सगळे ऐकत होती. रात्री नवरा म्हणाला, "त्यांचं उपकार नको वाटत असतील तर तुज्या पाटल्या गहाण टाकू." म्हणजे दोनच वाटा. एक, दुसऱ्याच्या पैशावर उभे राहायचे आणि पाच वर्षे त्याच्या सांगण्यावरून सह्या करायच्या. दुसरी, अंगावरचे सोने मोडायचे, आणि मग ते सोडवण्यासाठी खुर्चीवर बसून कमाई करायची. दोन्ही वाटा एकाच खड्ड्यात जाणाऱ्या.

दुसऱ्या दिवशी ती आष्ट्याला माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, मला उभं राहायचंय. पर असं न्हाई."

मी तिला विचारले, "खर्च किती येईल, हे कुणी मांडून पाहिलंय का?" कुणी पाहिले नव्हते. 'लाखांत जातं' एवढेच सगळे म्हणत होते. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो, गणित सोडवायला बसावे तसे. त्या साली निवडणूक आयोगाने सरपंचपदाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा घालून दिली होती : सात ते नऊ सदस्यांच्या गावात ५०,००० रुपये, अकरा ते तेरा सदस्यांच्या गावात १ लाख, आणि पंधरा ते सतरा सदस्यांच्या गावात १ लाख ७५ हजार. तिचे गाव अकरा सदस्यांचे. म्हणजे लाखाच्या वर खर्च करणे हाच मुळी नियमभंग. मग पत्रके किती, छपाई किती, ध्वनिक्षेपकाची रिक्षा किती दिवस, चहापाणी किती, असे एकेक लिहीत गेलो. जेवणावळी आणि पाकिटे कागदावर आलीच नाहीत, कारण ती लिहायची सोयच नव्हती. मताला पैसे देणे हा गुन्हा आहे. बेरीज झाली बत्तीस हजार. वहिनी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "एवढंच? मग ही मानसं लाख-लाख कशाचं सांगत हुती?"

श्रोतेहो, हे तिने विचारले आणि माझ्या मनात लख्ख उजेड पडला. बाईला जो खर्च सांगून घाबरवतात त्यातला मोठा भाग प्रचाराचा नसतोच; तो मते विकत घेण्याचा असतो. तो वजा केला की उरलेला आकडा आपल्यासारख्या माणसांच्या आवाक्यातला असतो. आणि तो एकट्याने उभा करायचा नसतो.

तो उभा करायची रीत आपल्याला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचे घराणे आपल्याच वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. ती काय एखाद्या धनिकाच्या थैलीवर उभी राहिली? घरोघरच्या मूठ-मूठ धान्याने तिची वसतिगृहे चालली. त्याच्याही आधी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला होता. माणशी एक पैसा, असा गोळा होऊन तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. आपल्या भागातले सहकारी कारखानेही शेतकऱ्यांच्या लहानलहान शेअर्सवरच उभे राहिले. पुष्कळांचे थोडे मिळून मोठे काम करायचे, हे आपल्या हाडीमांसी भिनलेले आहे.

निवडणुकीत ही रीत आलेली नाही, असेही नाही. २००९ ची लोकसभा आठवा. तेव्हा हातकणंगले हा मतदारसंघ नव्याने झाला होता आणि इस्लामपूर व शिराळा हे आपले दोन्ही विधानसभा विभाग त्यात होते. शेतकऱ्यांची संघटना बांधलेले राजू शेट्टी त्या वेळी उभे होते आणि 'एक मत, एक नोट' ही त्यांची हाक होती. शेतकऱ्यांनी दहाच्या, पन्नासच्या, शंभरच्या नोटा दिल्या आणि मतेही दिली. ते निवडून आले. समोर उमेदवार कोण होत्या? निवेदिता माने, त्या वेळच्या विद्यमान खासदार. मी ही गोष्ट कुणाच्या बाजूने वा कुणाच्या विरुद्ध सांगत नाही. पुढे २०१९ साली शेट्टींचा पराभवही झाला. तेव्हा वर्गणी म्हणजे विजयाचा ताईत, असेही कुणी समजू नये. मला एवढेच दाखवायचे आहे की सामान्य माणसाच्या खिशातून निवडणूक लढता येते, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. मात्र हीच नोट आपण एखाद्या बाईच्या पदरात टाकल्याचे फारसे आठवत नाही.

उलट, बाईने दिल्याचे मात्र ठिकठिकाणी आढळेल. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी आपले दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही मोडले. आपल्या बायकांनी नवऱ्याच्या निवडणुकीसाठी, मुलाच्या निवडणुकीसाठी गळ्यातले, हातातले उतरवून दिल्याच्या कथा गावोगाव आहेत. देणारी ती. पण ती उभी राहिली म्हणजे तिला देणारे कोण?

तिच्याजवळ स्वतःचे असते तरी किती? सात-बारा पाहिला तर तिचे नाव क्वचित. कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, महाराष्ट्राने १९९४ साली आणि सगळ्या देशासाठी २००५ साली. पण किती बहिणी तो मागतात आणि किती भाऊ देतात, हे आपण जाणतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली; नवऱ्यांनी आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावे करावी, अशी ती हाक होती. १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाने सगळी ग्रामपंचायत बायकांची निवडून दिली, तीही याच चळवळीतून. जमीन नावावर असणे आणि पंचायतीत बसणे, या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत, हे त्या शेतकरी बायकांनी ओळखले होते.

नावाची गोष्ट आपल्या लोकशाहीत फार जुनी आहे. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदारांच्या याद्या करताना असे आढळले की, उत्तरेकडच्या पुष्कळ भागांत बायका आपले नावच सांगत नाहीत. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच. निवडणूक आयोगाने ठरवले की नाव नाही तर नोंद नाही, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून वगळली गेली. त्यानंतर बायका नाव सांगू लागल्या. आज यादीत तिचे नाव आहे, उमेदवारी अर्जावर आहे, पत्रकावर फोटोसकट आहे. नाही ते फक्त पैशावर. आणि ज्याच्या नावाचा पैसा, त्याची खुर्ची. आपण 'सरपंचपती' म्हणून थट्टा करतो. बायको घरी आणि नवरा कचेरीत. परंतु तो नवरा तिथे का जाऊन बसतो? खर्च मी केला, असे त्याला वाटते म्हणून. नवऱ्याच्या जागी पैसेवाला गृहस्थ असेल तर तो मागच्या दाराने बसतो, एवढाच फरक.

यावर उपाय म्हणून बाहेरच्या देशात काय घडले, तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत १९८५ साली एलन माल्कम नावाच्या बाईंनी आपल्या पंचवीसेक मैत्रिणींना गोळा केले. सगळ्यांनी आपापल्या ओळखीच्या बायकांना पत्रे लिहिली : अमुक एक बाई उभी आहे, तिच्या नावाने तुम्हांला झेपेल तेवढा धनादेश पाठवा. पैसा संस्थेच्या नावाने नव्हे, थेट उमेदवाराच्या नावाने. त्या देशातल्या एका पक्षाच्या उमेदवार बायकांसाठी हे काम होते. त्यांच्या मदतीने १९८६ साली बार्बरा मिकुल्स्की या बाई तिथल्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेल्या. या संस्थेचे नाव 'एमिलीज लिस्ट', आणि गंमत म्हणजे ही एमिली कुणी बाई नव्हे. लवकर आलेला पैसा म्हणजे पीठ फुगवणारे आंबवण, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातली आद्याक्षरे जोडून ते नाव केलेले आहे.

आपल्या भाषेत त्याला विरजण म्हणावे. सकाळी ताक हवे असेल तर विरजण रात्री लावावे लागते. सकाळी भांडे पुढ्यात घेतल्यावर लावून भागत नाही. आणि विरजण असते किती? चमचाभर. शेवटच्या दोन दिवसांत कुणी दहा हजार देऊन जितके काम होणार नाही, तितके पहिल्या आठवड्यातल्या शंभर नोटांनी होते. कारण शंभर नोटा म्हणजे शंभर घरे. ज्याने दहा रुपये दिले तो आपले दहा रुपये वाया जाऊ देत नाही. तो चार जणांना सांगतो, मतदानाच्या दिवशी शेजाऱ्याला उठवून नेतो.

आपल्याकडेही मुंबईत मृणाल गोरे होऊन गेल्या. १९५८ साली त्यांचे पती केशव गोरे वारले. पदरी लहान मुलगी. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या, १९७२ साली विधानसभेत आणि १९७७ साली लोकसभेत. गोरेगावच्या नळांना पाणी यावे म्हणून त्या इतक्या भांडल्या की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. त्यांच्या मागे थैल्या नव्हत्या. चाळींतल्या, वस्त्यांतल्या बायका होत्या, हंडा आणि लाटणे घेऊन मोर्चाला येणाऱ्या. त्यांच्या श्रमांवर आणि सामान्य माणसांच्या आधारावर त्यांचे राजकारण उभे राहिले, म्हणून त्यांना कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे करायचे कसे? रीत सोपी आहे, पण चोख पाळली पाहिजे.

पहिली गोष्ट, खाते. विधानसभा आणि लोकसभेच्या निवडणुकीत उमेदवाराला खर्चासाठी बँकेत वेगळे खाते उघडावे लागते, आणि ते अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी. गावच्या निवडणुकीतही तसेच करावे. खाते बाईच्या एकटीच्या नावाने. नवऱ्याचे, दिराचे नाव जोडू नये.

दुसरी गोष्ट, पावती. रुपया आला तरी पावती. देणाऱ्याचे नाव, रक्कम, तारीख आणि उमेदवार बाईची सही. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत एका माणसाकडून १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख रक्कम घेता येत नाही, अशी मर्यादा आयोगाने २०१८ साली घातली. गावपातळीवर एवढी मोठी रक्कम एकाकडून रोखीने घ्यायची वेळ येऊच नये.

तिसरी गोष्ट, कुणाचे घ्यायचे नाही. बचत गटाच्या पेटीतला पैसा निवडणुकीला लावायचा नाही. तो सगळ्यांचा आहे. गटातल्या बाईने द्यायचे तर आपल्या पदरचे द्यावे. परदेशी नागरिक झालेला भाचा किंवा पुतण्या पैसे पाठवतो म्हणाला, तर त्याला प्रेमाने नको म्हणावे. परदेशातला निधी उमेदवाराला कायद्याने घेता येत नाही. आणि ज्याला पंचायतीचे कंत्राट हवे आहे त्याची नोट तर हातात धरूच नये.

चौथी गोष्ट, हिशेब. निकाल लागल्यापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. तो चुकवला तर उमेदवार अपात्र ठरू शकतो. हारलेल्यानेही हिशेब द्यायचा असतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

पैसा मागायची बायकांना लाज वाटते, हेही मला कळते. वहिनीच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "आपल्या घराण्यात कुणी झोळी फिरवली न्हाई." वहिनीने उत्तर दिले, "आत्याबाई, जोगवा मागताना लाज वाटती का? त्यो देवीचा, ह्यो गावाचा." मला हे फार आवडले. उमेदवाराने मतदाराला पैसे दिले तर ती लाच. मतदाराने उमेदवाराला पावती घेऊन पैसे दिले तर ती वर्गणी. नोट तीच, हात तेच दोन. फक्त ती कुणाकडून कुणाकडे जाते, यावर सगळी नीती अवलंबून आहे. ज्या दिवशी गावातल्या बाईने दहा रुपये देऊन पावती घेतली, त्या दिवशी ती मत विकणारी राहिली नाही; जाब विचारणारी झाली.

शिक्षक बंधुभगिनींना एक शब्द. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला प्रचार करता येत नाही, राजकीय वर्गणी देता येत नाही; तो नियम पाळलाच पाहिजे. पण हिशेब शिकवायला कुठला नियम आड येत नाही. शाळेच्या बालसभेची निवडणूक घ्याल तेव्हा मुलांना खर्चाचा कागद मांडायला सांगा. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे, शिल्लक खाली. आणि खजिनदार एखाद्या मुलीला करा. शाळेत जिने वर्गणीची वही सांभाळली, तिला पुढे "खर्चाचं काय?" या प्रश्नाने कुणी घाबरवू शकणार नाही. ती म्हणेल, थांबा, मांडून दाखवते.

आता वहिनीचे काय झाले ते सांगून संपवते. आष्ट्याच्या छापखान्यातून तिने पावतीपुस्तके छापून घेतली. गटातल्या बायका जोडीने घरोघर गेल्या. कुणी दहा दिले, कुणी पन्नास. एका म्हातारीने कनवटीच्या पिशवीतून पाच रुपयांचे नाणे काढले आणि पावतीवर नाव स्वतःचे घालायला लावले. मुलाचे नको म्हणाली. पैसेवाले गृहस्थ रागावले. त्यांनी दुसरी बाई उभी केली, तिच्या गाड्या गावभर फिरल्या. निकाल लागला आणि आमची वहिनी थोड्या मतांनी पडली.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. मला वाटले, रडत असेल. ती वही पुढे घेऊन बसली होती. जमा एकतीस हजार चारशे, खर्च एकोणतीस हजार आठशे, शिल्लक सोळाशे. तिने कचेरीत हिशेब दिला आणि त्याची एक प्रत देवळाच्या भिंतीला चिकटवली. शिल्लक सोळाशेचे काय करायचे, ते वर्गणी देणाऱ्यांना विचारले; त्यांनी शाळेला पुस्तके घ्यायला सांगितली. एकजण वाटेत तिला टोचून म्हणाला, "काय मिळालं वहिनी, हारलाच की." ती म्हणाली, "हारले, भावजी. पर माज्या पाटल्या माज्या हातात हाईत, आन् मी कुणाची मिंधी न्हाई."

पुढच्या निवडणुकीत ती सदस्य म्हणून उभी राहिली. त्या वेळी तिचा प्रभाग बायकांसाठी राखीवही नव्हता. पुन्हा पावतीपुस्तक, पुन्हा दहा-दहा रुपये. या खेपेस ती आली. पंचायतीच्या पहिल्या बैठकीला नवरा तिला फाटकापर्यंत सोडायला गेला आणि तिथूनच मागे फिरला. म्हशींच्या धारा काढायच्या राहिल्या होत्या.

ती शंभर रुपयांची पावती मी पुन्हा तारेत खोचून ठेवली आहे, भावईच्या पावतीच्या शेजारी. ती एकटी आहे. तिला सोबत मिळावी, एवढीच इच्छा. तुमच्या दारात एखादी बाई वही घेऊन आली, तर तिला आधी आत बोलवा, पाणी द्या, तिचे काय म्हणणे आहे ते ऐकून घ्या. पटले तर झेपेल तेवढे द्या. पटले नाही तर तसे सांगा. पण द्याल ते तिच्या हातात द्या, आणि पावती तिच्या नावाची मागून घ्या.